गारवा आपला, झळा कुणाच्या?

शेजारच्या काकूंचा मोगरा आमच्यामुळे जळला, हे आधीच कबूल करून टाकते. म्हणजे पुढचं सगळं सांगायला मी मोकळी!

आम्ही जळगावचे. आमच्याकडचा उन्हाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना तो वेगळा सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून खरा वाटायचा नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जाऊन बसतो. दुपारी बारा ते पाच रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. इतकी वर्षं आम्ही वाळ्याचे पडदे आणि कूलर यांवर निभावून नेलं. पण मामंजींचं वय झालं, त्यात दोन्ही गुडघ्यांची झीज. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागेना. शेवटी ह्यांनी मनावर घेतलं आणि दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मामंजींच्या खोलीत दीड टनाचा एसी बसला.

त्या रात्री मामंजी गाढ झोपले. घर कसं निवांत झालं! एसीचं बाहेरचं खोकं, ज्याला मेकॅनिक 'आउटडोअर' म्हणतो, ते मागच्या भिंतीवर लागलं होतं. त्याच्या अगदी समोर, चार हातांवर, शेजारच्या काकूंची गॅलरी. खोकं बसवताना तिकडे आमचं कुणाचं लक्षसुद्धा गेलं नाही.

पंधरा दिवसांनी काकू दारात उभ्या. "अगं, जरा येऊन बघून जा," एवढंच म्हणाल्या. मी गेले. त्यांच्या मोगऱ्याची पानं भाजलेल्या पापडासारखी झाली होती. लेकीच्या लग्नाच्या वर्षी लावलेलं झाड ते! काकू आवाज न चढवता म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांना गारवा हवा, त्याला माझी ना नाही. पण त्यांच्या खोलीतला उन्हाळा माझ्या गॅलरीत का गं?"

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते, मराठी आणि इतिहास. प्रश्न विचारायची सवय आहे, उत्तर द्यायची वेळ क्वचित येते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "काकू, मशीन आहे, गरम हवा यायचीच." त्या काही न बोलता आत गेल्या. त्यांच्या गॅलरीचं दार त्या उन्हाळ्यात पुन्हा उघडलं नाही. रिकामी वाटी परत द्यायची नाही, त्यात काहीतरी घालूनच द्यायची, हा आमच्या दोन घरांचा रिवाज. तोही थांबला.

काकूंचा प्रश्न मात्र मनात घर करून राहिला. त्याचं उत्तर मला सहा महिन्यांनी मिळालं, तेही सातासमुद्रापलीकडे, एका पोहण्याच्या हौदाच्या काठावर!

वन्संचा हौद

आमच्या वन्सं अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात राहतात, टॅम्पा शहराजवळ. डॉक्टरांनी मामंजींना पाण्यात चालायचा व्यायाम सांगितला होता. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की अंगाचा भार जवळजवळ निम्म्यावर येतो, गुडघ्यांना त्रास न होता हालचाल होते. फक्त पाणी कोमट हवं. गार पाण्यात सांधे आणखी आखडतात. वन्सं म्हणाल्या, "बाबांना इकडेच पाठवा. परसातच हौद आहे." दिवाळीच्या सुट्टीत तीन आठवड्यांसाठी मी मामंजींना घेऊन गेले.

हौद छान होता. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, दीड मीटरभर खोल. डास-चिलटं येऊ नयेत म्हणून सबंध हौदावर बारीक जाळीचा मांडव. मामंजी दुसऱ्याच दिवशी उत्साहाने पायरीवर उतरले, घोट्यापर्यंत पाय बुडवला आणि चटका बसल्यासारखा वर घेतला. पाणी २३ अंश! तुम्ही म्हणाल, २३ म्हणजे काही फार गार नाही. हवेत नाहीच. पण पाण्यात दहा मिनिटं उभं राहून पाहा, म्हणजे कळेल. पंचाहत्तरीच्या माणसाची काय कथा?

मामंजी काही बोलले नाहीत. टॉवेल खांद्यावर टाकून पायरीवरच बसून राहिले. एवढा प्रवास ज्यासाठी केला तेच साधणार नसेल तर काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं.

वन्सं ओशाळल्या. "वहिनी, अहो ह्या हौदाला आमच्या एसीची उष्णता दिलीय! आठवडा झाला चालू केलंय. पाणी तापायला हवं होतं."

एसीची उष्णता? पाण्याला? मी कान टवकारले.

फडकं कुठे पिळायचं?

भावोजींनी मला घरामागे नेऊन सगळं दाखवलं. आपल्याला समजेल अशा भाषेत सांगते.

एसी गारवा 'तयार' करतो अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे. गारवा तयार होतच नाही. एसी फक्त खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. फरशीवर पाणी सांडलं की आपण काय करतो? फडक्याने टिपतो, बादलीत पिळतो, पुन्हा टिपतो. एसीच्या नळ्यांतून फिरणारा गॅस म्हणजे ते फडकं. खोलीत तो उष्णता टिपून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो, दाबल्यामुळे तो खूप तापतो, आणि बाहेरच्या खोक्यात आला की पंख्याच्या वाऱ्यात ती सगळी उष्णता पिळून टाकतो. निथळलेलं फडकं पुन्हा खोलीत.

आता थोडा हिशेब. 'दीड टन' हे यंत्राचं वजन नव्हे, बरं का! बर्फाने खोल्या गार करायच्या त्या काळचं हे माप. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल तेवढं काम म्हणजे एक टन. विजेच्या युनिटांत सांगायचं तर दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला की तासाला साधारण सव्वापाच युनिटांइतकी उष्णता खोलीतून उचलतो. त्यासाठी स्वतः दीड युनिटाच्या आसपास वीज खातो. त्या विजेचीही शेवटी उष्णताच होते. म्हणजे बाहेर पडते ती पावणेसात युनिटं!

आपला न्हाणीघरातला गिझर सहसा दोन किलोवॉटचा असतो, तासाला दोन युनिटं खातो. म्हणजे काकूंच्या मोगऱ्यासमोर आम्ही तीन गिझरांहून जास्त उष्णता सोडली होती, तीही रोज, रात्रंदिवस. मोगराच काय, वडाचं झाडही हैराण झालं असतं!

वन्संकडे सबंध घराला मिळून एकच मोठा एसी आहे, साडेतीन टनाचा. तो बाहेर तासाला सुमारे सोळा युनिटं उष्णता टाकतो. घरातून आलेला तापलेला गॅस पंख्याकडे जायच्या आधी त्यांनी तो दुसऱ्या एका खोक्यातून नेलाय. त्या खोक्यात वेटोळं घातलेल्या नळ्या आहेत. एकीतून गरम गॅस जातो, तिला लागून दुसरीतून हौदाचं पाणी. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, फक्त उष्णता इकडून तिकडे जाते. हौदाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते साध्या तांब्याला खातं. म्हणून पाण्याच्या बाजूला टायटॅनियम नावाच्या न गंजणाऱ्या धातूची नळी वापरतात. पाणी हवं तितकं कोमट झालं की झडप आपोआप फिरते आणि गॅस पूर्वीसारखा पंख्याकडे जातो.

ह्यात एसीचाही फायदा आहे. तापलेल्या हवेपेक्षा गार पाणी उष्णता चटकन घेतं. त्यामुळे कॉम्प्रेसरला कमी जोर लावावा लागतो आणि वीजही थोडी वाचते. म्हणजे घर गार, हौद कोमट आणि शेजाऱ्याच्या अंगावर झळा नाहीत. हे ऐकताना मला काकूंची गॅलरी आठवली आणि मी मनातल्या मनात कानाला हात लावला.

हौद म्हणजे मोठा माठच!

पण मग पाणी तापत का नव्हतं?

भावोजींनी खोकं उघडून पाहिलं, पंप पाहिला. सगळं ठीक. उत्तर सापडलं ते मला, आणि त्याचं श्रेय आपल्या स्वयंपाकघराला!

दुसऱ्या दिवशी मी पहाटे लवकर उठले. बाहेर हवा गार होती आणि हौदावरून पांढरी वाफ उठत होती, चुलीवरच्या आधणासारखी. मला एकदम आपला माठ आठवला. माठातलं पाणी गार का होतं? माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी उडून जातं आणि जाताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. मी म्हटलं, "वन्सं, तुमचा हौद हा आठ मीटर लांबीचा माठ आहे! तुम्ही एका बाजूने तापवताय आणि तो दुसऱ्या बाजूने गार होतोय."

भावोजींनी कागद-पेन्सिल घेतली. हौदात साधारण पन्नास हजार लिटर पाणी. ते एक अंशाने तापवायला सुमारे ५८ युनिटं उष्णता लागते. एसी तासाला सोळा युनिटं देतो, म्हणजे एका अंशाला जवळजवळ चार तास. नोव्हेंबरात एसी दिवसाकाठी सहा-सात तास चालतो. म्हणजे दिवसाची आवक पावणेदोन अंशांच्या आसपास.

आता जावक. एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं की सुमारे ५८० लिटर पाणी एक अंशाने गार होतं. उघड्या हौदाची पातळी दिवसाला पाच मिलिमीटर जरी उतरली, तरी एवढ्या मोठ्या हौदातून १६० लिटर पाणी उडालं. त्याने सबंध हौद पावणेदोन अंशांहून थोडा जास्तच गार होतो. म्हणजे जेवढी आवक तेवढीच जावक! पगार येतो तसा जातो, शिल्लक शून्य. आपल्या घरखर्चाच्या वहीतलीच गोष्ट!

भावोजी म्हणाले, अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचंही हेच सांगणं आहे. उघड्या हौदातून जी उष्णता जाते तिच्यातली सुमारे ७० टक्के बाष्पीभवनाने जाते, आणि त्यावर उपाय एकच, झाकण. वन्संनी जीभ चावली. हौदावर पसरायची बुडबुड्यांची जाड प्लास्टिकची चादर त्यांच्याकडे होती. पण रोज पसरायची आणि गुंडाळायची कटकट म्हणून ती गॅरेजमध्ये पडून होती.

त्या रात्रीपासून चादर पसरली. दुधाच्या पातेल्यावर आपण झाकण ठेवतो ना, तसंच. मी रोज सकाळी थर्मामीटर बघायची. दोन दिवसांनी २४ च्या वर, मग २५, मग २७. नवव्या दिवशी पाणी २९ अंशांवर आलं.

मामंजी उतरले. कठड्याला धरून उभे राहिले, मग कठडा सोडला. वन्सं एका बाजूला, मी दुसऱ्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. आठ मीटर! घरात पलंगापासून दारापर्यंत यायला ज्यांना दोनदा थांबावं लागायचं, ते न थांबता गेले आणि मागे वळून हसले. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी वीस फेऱ्या मारल्या. गुडघे काही जादूने नवे झाले नाहीत; पण दुखणं सुसह्य झालं, आणि पायांवरचा गेलेला भरवसा परत आला.

त्या संध्याकाळी काठावर बसून ते म्हणाले, "सूनबाई, हीच उष्णता ना गं काकूंच्या मोगऱ्यावर गेली?"

मी मान हलवली.

"इथे माझे गुडघे शेकले तिने. उष्णता वाईट नाही. आपण ती कुठे टाकली, ते वाईट."

हात भाजला म्हणून सुचलं

ही कल्पना काही नवी नाही. उष्णता एका जागेहून उचलून दुसरीकडे नेता येईल आणि तशा यंत्राने घर तापवता किंवा गार करता येईल, असं विल्यम थॉमसन या शास्त्रज्ञाने १८५२ सालीच मांडलं होतं. पुढे ते लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झाले. पण मला आवडली ती अमेरिकेतल्या रॉबर्ट वेबर यांची गोष्ट. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ते घरच्या डीप फ्रीजवर काहीतरी प्रयोग करत होते. बाहेर जाणाऱ्या नळीला हात लागला आणि चांगलाच भाजला. आपल्यासारखीने हातावर थंड पाणी ओतून फ्रीजला चार शिव्या घातल्या असत्या. त्यांच्या मनात आलं, एवढी उष्णता वायाच जातेय की! त्यांनी ती नळी घरातल्या गरम पाण्याच्या टाकीला जोडली. तरीही उष्णता उरली, तेव्हा छोटा पंखा लावून ती घरात खेळवली, असं सांगतात.

आपल्याकडेही जिथे बारा महिने गारवा लागतो तिथे ही युक्ती उपयोगी पडते. डेअरीत धारोष्ण दूध आलं की ते ४ अंशांपर्यंत गार करावं लागतं. त्या दुधातून निघालेल्या उष्णतेवर कॅन आणि टाक्या धुण्याचं पाणी तापवता येतं. मोठी हॉटेलं आणि इस्पितळं यांना एसीही सतत लागतो आणि गरम पाणीही. तिथे हे गणित बरोबर जुळतं.

मग आपल्या घरी का नको?

हाच प्रश्न घेऊन मी परत आले. आपल्या दारी हौद नाही, पण आंघोळीचं पाणी तर रोज लागतं! वीस लिटरची बादली २५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला जेमतेम अर्धं युनिट उष्णता पुरते. एसीची तासाभराची सगळी उष्णता पकडली तर तेरा-चौदा बादल्या पाणी तापेल. सगळं घर न्हाऊन निघेल!

पण मैत्रिणींनो, घाई करू नका. मी स्वतःच कागदावर मांडून पाहिलं आणि माझा उत्साह निवाला. आमच्या जळगावात एसी कधी लागतो? मेमध्ये. आणि मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला येतं तेच इतकं तापलेलं, की दुपारी हात धुववत नाहीत! गरम पाणी लागतं ते डिसेंबरात, तेव्हा एसीवर कापड घातलेलं असतं. ज्याला दात आहेत त्याला चणे नाहीत, अशातली गत. वन्संकडे जमलं, कारण तिथे दिवसा एसी आणि हौदाला ऊब, दोन्हींची गरज एकाच ऋतूत येते. भर उन्हाळ्यात तर त्यांचा हौद उन्हानेच तापतो. तेव्हा ते खोकं त्याही बंदच ठेवतात.

तेव्हा नियम सोपा आहे: गारवा आणि गरम पाणी दोन्ही एकाच वेळी लागत असतील तरच ह्याचा विचार करायचा. मुंबईत, कोकणपट्टीत, गोव्यात दमट हवेमुळे एसी वर्षातले बरेच महिने चालतो. तिथे एखाद्या मोठ्या घराला किंवा घरगुती खाणावळीला ते परवडू शकेल. आमच्यासारख्यांना नाही. भावोजींनीही स्पष्ट सांगितलं होतं की एसी कमी चालत असेल, किंवा हौद एसीपासून लांब असेल, तर घातलेला पैसा निघत नाही.

आणि एक कळकळीची सूचना. हे वाचून कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावून एसीची नळी कापून तिला पाण्याचा पाइप जोडायला लावू नका. हल्लीच्या बऱ्याच एसींत आणि फ्रीजमध्ये पेट घेऊ शकणारा गॅस असतो. अमेरिकेतसुद्धा ह्या गॅसला हात लावायला मेकॅनिककडे सरकारी नियमांप्रमाणे प्रमाणपत्र असावं लागतं. हा खेळ घरगुती नव्हे.

एवढं तरी आपल्या हातात आहे

मग मी काय केलं? हौद नाही बांधला. पण फडकं कुठे पिळायचं ते ठरवलं. तुम्हालाही उपयोगी पडतील अशा काही गोष्टी सांगते.

१. एसी घेताना आतल्या खोक्याच्या रंगापेक्षा बाहेरच्या खोक्याची जागा आधी ठरवा. समोर कुणाची खिडकी, गॅलरी, पाळणा, तुळस नाही ना, ते स्वतः उभं राहून पाहा. मेकॅनिकला सोयीची भिंत ही शेजाऱ्याला सोयीची असतेच असं नाही. त्या खोक्यातून येणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा दहाएक अंशांनी जास्त गरम असते.

२. खोकं मोकळ्या हवेत हवं. वर सावली असली तर उत्तम, पण चारी बाजूंनी कोंडू नका. स्वतःचीच गरम हवा त्याला परत मिळाली तर वीज जास्त जाते आणि गारवा कमी येतो. त्याची जाळी धुळीने भरू देऊ नका.

३. जेवढी उष्णता उचलाल तेवढी बाहेर टाकावी लागते. म्हणून मुळात कमी उचला. दुपारी पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून सावली करा, पडदे ओढा. १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडे नवे एसी सुरू करताना आपोआप २४ अंशांवर लागतील असा नियम आहे. त्याच्याही वर, २६ वर ठेवून पंखा लावला तर झोप छान लागते. एकेका अंशामागे वीज सुमारे सहा टक्के वाचते असं सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं सांगणं आहे.

४. फ्रीज हाही छोटा एसीच. आतल्या भाजीची उष्णता तो आपल्या स्वयंपाकघरात टाकतो. त्याच्या मागे आणि बाजूंना हवा खेळती ठेवा. नव्या फ्रीजच्या मागे काळी जाळी दिसत नाही, नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात. म्हणून बाजू गरम लागल्या तर घाबरू नका. त्याच्यावर ओली फडकी वाळत घालू नका, आणि ऊन ऊन वरण आत ठेवू नका.

५. उकडतंय म्हणून फ्रीजचं दार उघडून समोर बसण्याने स्वयंपाकघर गार होत नाही, उलट तापतं! पुढून टिपलेली उष्णता तो मागून त्याच खोलीत पिळतो, वर विजेची भर घालतो.

६. आणि ज्यांच्याकडे गरम पाण्याचं काहीही साधन आहे, बंब असो, गिझर असो की हौद, त्यांनी झाकणाचा धडा विसरू नये. तापवणं सोपं, तापलेलं राखणं ही खरी गृहिणीची कला.

शेवटी काकूंचं काय झालं?

अमेरिकेहून आल्यावर पहिलं काम हेच केलं. मेकॅनिकला बोलावून बाहेरचं खोकं मागच्या भिंतीवरून काढलं आणि गच्चीवर नेलं, जिना-घराच्या सावलीत. पाइप लांबवावा लागला, त्याचा खर्च आला. ह्यांनी थोडी कुरकुर केली. "एका झाडासाठी एवढं?" म्हणाले. मामंजी आतून म्हणाले, "झाडासाठी नाही रे. उत्तरासाठी."

मग मी एका वाटीत बेसनाचे लाडू घेऊन काकूंकडे गेले. म्हटलं, "काकू, तुम्ही मागे एक प्रश्न विचारला होतात. मी त्याचं उत्तर फार उद्धटपणे दिलं. तुमचं बरोबर होतं. मामंजींच्या खोलीतला उन्हाळाच तुमच्या गॅलरीत येत होता. आता तो गच्चीवर आकाशात सोडलाय."

काकू लगेच विरघळल्या वगैरे नाहीत. त्यांनी वाटी घेतली, झाकली आणि आत ठेवली. "बरं," म्हणाल्या. मी परत आले.

मार्चमध्ये, ऊन तापायला लागलं तेव्हा, त्यांच्या गॅलरीचं दार उघडलेलं दिसलं. नवी कुंडी होती आणि तिच्यात मोगऱ्याचं वीतभर रोप. मी आमच्या खिडकीतून बघत होते. काकूंनी हात पुढे करून, मागच्या भिंतीकडून गरम वारा येतोय का, ते नीट तपासून पाहिलं. मग कुंडी कठड्याजवळ सरकवली.

संध्याकाळी वाटी परत आली. रिकामी नव्हती.